हृदयतालतज्ज्ञ

हृदयाच्या ठोक्यांची गती किंवा लय बिघडल्यास उपचार करणारा हृदयरोगतज्ज्ञ. यालाच इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात. विश्रांतीच्या वेळी प्रौढाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात.

धडधड अनेकदा रुग्णालयात पोचेपर्यंत थांबलेली असते आणि ईसीजी निर्दोष येतो. मोठ्या शहरांपासून दूरच्या रुग्णालयात खरी कसोटी इथेच लागते. त्यामुळे सतत ईसीजी नोंदवणारे २४ तासांचे होल्टर यंत्र लावतात; त्रास सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून तो कागद जपून ठेवा, असेही बजावतात. तो एक कागद पुष्कळदा महागड्या तपासण्यांहून अधिक सांगून जातो.

वेगवान तालाच्या काही प्रकारांत जांघेतील शिरेतून बारीक नळ्या हृदयात नेऊन दोषी जागा शोधतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने ती निकामी करतात. मंद तालावर पेसमेकर बसवतात. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये सेनिंग व एल्मक्विस्ट यांनी वापरला. तो काही तासांतच बंद पडला, तरी रुग्ण आर्ने लार्सन पुढे नवनवे पेसमेकर घेत २००१ पर्यंत जगले.

पेसमेकर बसवल्यानंतरही वर्षानुवर्षे बॅटरी व तारा तपासाव्या लागतात. बाह्यरुग्ण विभागातला बराच वेळ त्यातच जातो.