आकाशचिन्ह, कर आणि परवाना : बारामती व इंदापूरच्या संदर्भात

बारामती व इंदापूर या दोन्ही गावांत १८६५ साली नगरपालिका स्थापन झाल्या. कऱ्हाकाठची बारामती ही बाजारपेठ, तर इंदापूर हे पुणे-सोलापूर मार्गावरील तालुक्याचे ठाणे. त्या काळात नगरपालिकेचा उजेडाशी संबंध होता तो दिवाबत्तीपुरता. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमानेही सार्वजनिक रस्त्यांवरील दिवाबत्ती हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले. हा उजेड सर्वांचा होता. एखाद्याने केवळ आपल्या नावावर रात्रभर उजेड पाडावा व त्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज करावा, हा व्यवहार पुष्कळ नंतरचा. प्रस्तुत लेखात या अर्जामागील कायद्याचा मागोवा घेतला आहे. महानगरांच्या कायद्याने फलकाकडे 'पडू शकणारी वस्तू' म्हणून पाहिले. लहान नगरांच्या व्यवहारात मात्र तो आधी उत्पन्नाची आणि मग विद्रूपीकरणाची बाब ठरला, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

पुणे महानगरपालिकेतील 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' या नावातील 'आकाशचिन्ह' हा शब्द अनेकांना गूढ वाटतो. ज्योतिषाशी त्याचा काही संबंध नाही. लंडनमध्ये इमारतींच्या छपरांवर लोखंडी सांगाड्यांत मोठमोठी अक्षरे उभी करण्याची टूम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली आणि तिला आळा घालण्यासाठी १८९१ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा झाला. रस्त्यावरून पाहता ज्याच्या पाठीमागे आकाश दिसते असा फलक, ही त्यातील कल्पना मुंबईच्या महानगरपालिका कायद्यात व तेथून १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात उतरली. या अधिनियमाचे कलम २४४ मुळातून वाचण्यासारखे आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशचिन्ह उभारता येत नाही, एवढेच नव्हे तर असलेले राखताही येत नाही. आणि ही परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक मुदतीची असू शकत नाही. चिन्हात बदल केल्यास, ज्या इमारतीवर ते आहे ती ओस पडल्यास किंवा पाडल्यास परवानगी रद्द होते. चिन्ह वा त्याचा एखादा भाग अपघाताने किंवा जीर्ण होऊन पडल्यासही ती आपोआप संपुष्टात येते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सौंदर्याचा प्रश्न नव्हता असे नाही. पण गंजलेला खिळा त्यांच्या अधिक जवळ होता.

याच कलमातील रेल्वेविषयक अपवाद विशेष बोलका आहे. रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजापुरता व रेल्वेच्याच जागेत असलेला फलक आकाशचिन्ह मानला जात नाही. मात्र तो रस्त्यावर वा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाही, अशा रीतीने उभारलेला असला पाहिजे. अपवाद देतानाही पडण्याची शक्यता विसरलेली नाही. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुन्या बाजाराजवळील चौकात रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा काढला जात असताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला व चार जण मृत्युमुखी पडले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवरचा सुमारे १२० फूट लांब व तेवढाच उंच फलक वादळात कोसळून सतरा जणांचा बळी गेला. त्याला महानगरपालिकेची परवानगी नव्हती. फलक रस्त्यावर पडू नये ही अट कायद्याच्या पुस्तकात दीर्घकाळ होती. जागा दुसऱ्या यंत्रणेची असली की ती अट कोणी तपासायची, हे मात्र अनिश्चित राहिले.

आता नगरपरिषदांकडे वळू. बारामती व इंदापूर यांना लागू असलेल्या १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदविषयक अधिनियमात जाहिरात ठळकपणे भेटते ती करांच्या प्रकरणात. मालमत्ता कर, जकात इत्यादींच्या पंक्तीत वृत्तपत्रांतील जाहिराती वगळून अन्य जाहिरातींवरील कर तेथे बसविला आहे. पुढे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने लेखी परवानगीवाचून फलक लावणे हा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंडाचा अपराध ठरविला. एका कायद्याने फलकातून पैसा पाहिला, दुसऱ्याने घाण पाहिली. त्यातील पहिल्याचा घटनात्मक आधारही २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने गेला. राज्य सूचीतील जाहिरात कराची नोंद वगळण्यात आली, वस्तू व सेवा कर आला आणि नगरपरिषदांच्या हाती परवाना शुल्क व जागेचे भाडे एवढेच राहिले.

याच काळात फलकाचे स्वरूपही पालटले. पेंटरने पत्र्यावर रंगविलेली पाटी वर्षानुवर्षे टिके. ती रंगवायलाच काही दिवस लागत, तेवढ्यात अर्ज निकाली निघण्याची शक्यता असे. फ्लेक्स छपाईने हा हिशेब मोडला. रात्री छापलेला वाढदिवसाचा फलक सकाळी चौकात लागतो आणि परवानगीचा कागद टेबलावर येईपर्यंत वाढदिवस उरकलेला असतो. ट्यूबलाइटच्या ग्लोसाइनमागून एलईडीचे पडदे आले, तेव्हा मजकूर क्षणाक्षणाला बदलू लागला. चिन्हातील बदलाबरोबर परवानगी रद्द करणाऱ्या १९४९ च्या तरतुदीला या बदलत्या चित्रांची कल्पना असणे शक्यच नव्हते.

विद्रूपीकरणाच्या प्रश्नावर न्यायालयात दाद मागण्यातही केवळ महानगरे पुढे होती असे नाही. सातारा येथील सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ मध्ये जनहित याचिका दाखल केली आणि ३१ जानेवारी २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकांबरोबर नगरपरिषदांनाही बेकायदा फलकांविरुद्ध कारवाईचे विस्तृत आदेश दिले. सातारा हेही नगरपरिषदेचेच गाव, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

परंतु २०२२ मध्ये राज्याने आकाशचिन्हांविषयी केलेले नियम महानगरपालिकांसाठी आहेत. बारामतीच्या तीन हत्ती चौकातील फलक नगरपरिषदेच्या कक्षेत येतो. औद्योगिक वसाहतीत नियोजनाचे अधिकार औद्योगिक विकास महामंडळाकडे, हद्दीबाहेर ग्रामपंचायत, तर इंदापूरकडील महामार्गालगतच्या जमिनीवर महामार्ग प्रशासनाचे नियंत्रण. वाहने महामार्गावर अधिक, म्हणून मोठे सांगाडेही तेथेच उभे राहू पाहतात. किवळे येथे १७ एप्रिल २०२३ रोजी पाच जणांचा जीव घेणारा फलक महामार्गालगतच होता. पावसापासून आडोसा म्हणून माणसे त्याखाली उभी राहिली होती. आषाढात तुकोबांची पालखी बारामती व इंदापूर या दोन्ही मुक्कामांवरून पुढे जाते. त्या दिवसांत सरीवर सरी येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वागताचे फलक असतात आणि वारकरी मिळेल त्या आडोशाला थांबतात. त्या वाटेवरील प्रत्येक सांगाड्याची तपासणी कोणत्या कार्यालयाने करावयाची, हे जागेच्या सातबाऱ्यावरून ठरते.