पद्मिनीचा कारखाना आणि कुर्ल्याचे वस्ताद

मुंबईतल्या कापड गिरण्यांवर जितकं लिहिलं गेलं, तितकं इथल्या मोटार कारखान्यावर लिहिलं गेलं नाही. जे लिहिलं गेलं त्यात उद्योगपती आहेत, परवाने आहेत, संप आहेत. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी तीस-चाळीस वर्षं चालती ठेवणारा मिस्त्री मात्र त्यात फारसा दिसत नाही. 1989 सालची प्रीमियर पद्मिनी मी रोज शाळेत नेतो. मामूंकडून ती माझ्याकडे आली आणि तिच्यामुळे या इतिहासाची गॅरेजातली बाजू मला जवळून पाहता आली.

सुरुवात सोलापूरपासून करावी लागते. तिथे 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत हात घातला. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1954 पासून फियाट 1100 इथे तयार होऊ लागली. वालचंद त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. 1964 मध्ये ‘1100 डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात हीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीत 1100 डी हे मॉडेल 1966 मध्येच थांबलं. कुर्ल्यात तोच साचा जवळजवळ 2000 सालापर्यंत चालला.

तिच्या नावांचीही गंमत आहे. पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणाऱ्या जुन्या गोलसर फियाटला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. आमच्या मोहल्ल्यातही हे नाव बेधडक चालायचं, फक्त नानी ते उच्चारलं की लगेच तोबा म्हणायच्या. पद्मिनी हे नाव चितोडच्या राणीचं. तिची कथा सर्वदूर पोचवणारं ‘पद्मावत’ हे काव्य सोळाव्या शतकात मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीने अवधीत लिहिलं. म्हणजे इटलीचा आराखडा, सोलापूरच्या जैन घराण्यातल्या माणसाची कंपनी, कुर्ल्याचे कामगार आणि सूफी कवीने अजरामर केलेली नायिका, असं सगळं या एका गाडीत एकत्र आलं.

त्या काळात गाडी नोंदवल्यावर लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. मिळालेली गाडी सहजासहजी विकली जात नसे, ती दुरुस्त होत राही. मॉडेल फारसं बदलत नसल्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बसे. 1983 मध्ये मारुती आली आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं, तरी काळ्या-पिवळ्या टॅक्सीने पद्मिनीला आणखी वीस वर्षं जगवलं. हजारो टॅक्सी रोज धावत असल्यामुळे सुटे भाग मिळत राहिले आणि ते बसवणारे हातही तयार होत राहिले.

हे काम हाताचं आणि कानाचं आहे. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, साधा कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. कॉम्प्युटर कुठेच नाही. मे महिन्यात वाहतुकीत अडकलं की पेट्रोलपंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन बंद पडतं. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबायचं, हा त्यावरचा जुना इलाज. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल शिरते, तेव्हा झाकण काढून कोरड्या कापडाने पुसायचं. पॉइंट घासायचे, टॅपेटचं अंतर पातळ पट्टीने मोजायचं, तळाचा पत्रा गंजण्याआधी रंगवून घ्यायचा. इतकं मी शिकलो. बाकीचं चाचांकडे. बॉनेट उघडण्याआधी ते मला गाडी चालू करायला लावतात आणि म्हणतात, “सर, इसको पहले सुनो.” आवाज ऐकूनच कुठला टॅपेट सैल आहे ते सांगतात. ते कधी शाळेत गेले नाहीत. बाराव्या वर्षी एका गॅरेजात पाने पुसायला लागले. त्यांचे उस्ताद कोकणातले हिंदू मिस्त्री होते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून गॅरेजातले शब्द कानात राहतात. उर्दूतलं ‘मरम्मत’ जुन्या मराठी कागदपत्रांत ‘मरामत’ म्हणून भेटतं. ‘दुरुस्त’, ‘कारागीर’, ‘कारखाना’ हे शब्द फारसीतून आले आणि मराठीचे झाले. ‘उस्ताद’चा ‘वस्ताद’ झाला. हे शब्द कुणी कुणावर लादले म्हणून टिकले नाहीत. शेजारी बसून काम करणाऱ्यांनी ते रोज वापरले म्हणून टिकले.

आता हे ज्ञान संपत चाललं आहे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये ती सेवेतून गेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याची फी 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झाली, ती मी 2024 मध्ये भरली. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण मग ती प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची, रोज वापरायची नाही. जुनं इंजिन जास्त धूर सोडतं हे खरं आहे आणि सगळ्या जुन्या गाड्या रस्त्यावर राहाव्यात असं मी म्हणणार नाही. पण गाडी भंगारात गेली तर निदान पत्रा आणि लोखंड पुन्हा वापरात येतं. चाचांच्या कानात जे आहे, त्याची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून यंदा नववीच्या मुलांना मी एक प्रकल्प दिला आहे. घराजवळच्या गॅरेजात जायचं, एका कारागिराला तो कुणाकडून काम शिकला ते विचारायचं आणि त्याच्या हत्यारांची नावं तो उच्चारतो तशीच लिहून आणायची. आतापर्यंत अकरा वह्या जमा झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच शब्दांचे अर्थ माझ्या शब्दकोशात नाहीत. ते चाचांना विचारून लिहायचं काम सध्या चालू आहे.