अटारी एसटीचा पक्का ठेका

निरनिराळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर आणि ड्रम मशीन एकमेकांना जोडणारी 'मिडी' ही पद्धत १९८३ मध्ये आली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कोणता सूर, किती जोराने, कधी दाबला आणि कधी सोडला, अशा सूचना जातात. त्या साठवायच्या, दुरुस्त करायच्या आणि नेमक्या क्षणी वाद्याकडे धाडायच्या, हे सिक्वेन्सरचे काम.

संगणकाकडून ते करून घ्यायचे तर सुरुवातीला जोडणीचे साधन वेगळे विकत घ्यावे लागे. १९८५ साली आलेल्या अटारी एसटीला मात्र मिडीच्या खोबणी कारखान्यातूनच होत्या, आणि तो तुलनेने स्वस्तही होता. त्यासाठीचे नामांकित सिक्वेन्सर जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये लिहिले गेले. सी-लॅबने क्रिएटर आणि नोटेटर काढले; स्टाइनबर्गने आधी प्रो-२४ आणि १९८९ मध्ये क्यूबेस. गाण्याचे तुकडे पडद्यावर डावीकडून उजवीकडे पट्ट्यांसारखे मांडण्याची क्यूबेसची रीत पुढे जवळपास सर्वांनीच उचलली.

एसटीचा ८ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर तेव्हाही काही अद्भुत नव्हता. त्याच्या पक्क्या टायमिंगचे कारण त्याच्या साधेपणात होते. एका वेळी एकच प्रोग्राम चाले. पाठीमागे नेटवर्क नाही, इतर कामांची लुडबुड नाही. टायमरचा इशारा आला की प्रोसेसर हातातले काम टाकून आधी सूर पाठवी; पडद्यावरचे चित्र रेंगाळले तरी ठेका ढळत नसे. प्रत्येक ठोका सारखाच ५ मिलिसेकंद उशिरा आला तर कानाला ते चालते. एक २ ने आणि पुढचा ९ ने उशिरा आला की लय सैल वाटू लागते. या अनियमिततेला 'जिटर' म्हणतात, आणि एसटीत ती फारच कमी होती.

आठवणींत एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गळते. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराची सूचना पूर्ण ३ बाइटची असेल तर ती जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, आणि सूचना एकामागून एकच जातात. एकाच समेवर दहा सूर ठेवले की शेवटचा पहिल्याच्या सुमारे ९ मिलिसेकंद मागे पडणार, संगणक कोणताही असो. म्हणून जाणकार ड्रमच्या सूचना रांगेत पुढे ठेवत किंवा जादा आउटपुट देणारी युनिटरसारखी उपकरणे जोडत.

१९९३ च्या सुमारास अटारीने ही मालिका गुंडाळली. १९९६ च्या क्यूबेस व्हीएसटीने ध्वनिमुद्रण आणि इफेक्ट्स एकाच संगणकात आणले. नव्या यंत्रांत प्रोसेसरचा वेळ अनेक कामांत वाटला जाई आणि मिडी यूएसबीतून जाऊ लागले. बाहेरची वाद्ये वाजवणाऱ्यांना एसटीचा ठेका आठवू लागला तो तेव्हापासून. तक्रार खरी होती, पण तेवढ्यापुरतीच: संगणकाच्या आतली सॉफ्टवेअर वाद्ये ध्वनीच्या नमुन्यागणिक अचूक वाजू शकतात. तरीही फॅटबॉय स्लिम ऊर्फ नॉर्मन कुकसारख्यांनी एसटी आणि क्रिएटर ही जोडी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीसही सोडली नाही. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये जिटर आवरण्यासाठी सूचनेबरोबर वेळेचा शिक्का पाठवण्याची तरतूद आहे.