पदवी आणि परवाना

कोल्हापुरातल्या सी.पी.आर. म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचे जुने नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. याच दवाखान्याच्या स्त्री-विभागाचे प्रमुखपद १८८६ साली कोल्हापूर दरबाराने डॉ. आनंदीबाई जोशी यांना देऊ केले होते. आनंदीबाई इथे रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. ती पुन्हा सांगण्याचा इथे हेतू नाही. मला त्या नेमणुकीतल्या एका बाजूविषयी लिहायचे आहे, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. अमेरिकेत मिळालेली पदवी कोल्हापुरात चालेल, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो मात्र इतिहासाच्या वाटेने नव्हे. गेल्या वर्षी आमच्या पेठेतली एक मुलगी कागदांची पिशवी घेऊन घरी आली. मानसशास्त्रात एम.ए., पहिला वर्ग, दोन वर्षे एका शाळेत समुपदेशक म्हणून काम. नवऱ्याला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली होती आणि हिलाही तिथे आपलेच काम करायचे होते. ‘‘काका, तुम्ही जुने कागद वाचता, एवढे नवे जरा वाचून बघा,’’ ती म्हणाली. तिकडून आलेल्या लांबलचक अर्जाचा गाभा तीन प्रश्नांत होता. देखरेखीखाली प्रत्यक्ष काम किती तास केले? देखरेख करणारी व्यक्ती नोंदणीकृत होती काय? तुमची स्वतःची नोंदणी तुमच्या देशात कोणाकडे आहे? तिच्या गुणपत्रिकांत यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मुलीने अभ्यासात काही कमी केले नव्हते. उत्तरे का नाहीत, याचा शोध घेताना मी मागे मागे गेलो आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलपर्यंत पोचलो.

दरबाराचा हुकूम

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची एम.डी. पदवी मिळाली. त्या वेळी हिंदुस्थानात डॉक्टरांची कायदेशीर नोंदवहीच नव्हती. कोल्हापूर तर संस्थान. दरबाराने पदवी पाहिली, गरज पाहिली आणि पद देऊ केले. नेमणुकीचा हुकूम हाच परवाना.

इंग्लंडातली स्थिती वेगळी होती. तिथे १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली होती आणि तिच्या नोंदवहीत नाव असेल तोच मान्यताप्राप्त डॉक्टर. आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच १८८६ साली ब्रिटिश पार्लमेंटने या कायद्यात दुरुस्ती केली. वसाहतींतल्या आणि परक्या देशांतल्या डॉक्टरांसाठी नोंदवहीचे दार उघडले, पण एका अटीवर : आमच्या डॉक्टरांना तुमच्याकडे काम करू देत असाल, तरच तुमच्यांना आमच्याकडे. ‘परस्पर मान्यता’ हे तत्त्व इथून पुढे सगळीकडे भेटते.

पदवी आणि परवाना या दोन गोष्टी किती निराळ्या असतात हे रखमाबाईंच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. त्या शिकल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये. परंतु १८९४ साली व्यवसायाचा अधिकार मिळवला तो एडिंबरा आणि ग्लासगो इथल्या वैद्यक संस्थांच्या संयुक्त परीक्षेतून. शिकवणारी संस्था एक, परवाना देणाऱ्या दुसऱ्या. अमेरिकेतही हेच घडत होते. पुरेशी पदवी नाही म्हणून वेस्ट व्हर्जिनिया राज्याने डेंट नावाच्या डॉक्टरला परवाना नाकारला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला. लोकांच्या जिवाशी संबंध असलेल्या धंद्यात कोणी उतरावे हे ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे, असा तो निकाल.

डॉक्टरांनी धडा घेतला

आपल्याकडे पहिली नोंदवही आली ती १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने. मग इतर प्रांतांनी तसे कायदे केले. तरीही आपल्या पदव्यांना विलायतेत मान्यता द्यायची की नाही, हे लंडनची कौन्सिलच ठरवत असे. इथल्या महाविद्यालयांत बाळंतपणाचे प्रत्यक्ष शिक्षण पुरेसे मिळत नाही, अशी तिची तक्रार होती. तपासणीचा वाद वाढत गेला आणि १९३० साली तिने हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली. अपमान मोठा होता. पण त्यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा जन्माला आला. साऱ्या देशासाठी शिक्षणाचा एक दर्जा ठरवणारी आणि परदेशी कौन्सिलांशी बरोबरीने बोलणी करणारी संस्था उभी राहिली.

मान्यता एकदा मिळाली म्हणजे कायमची राहते असे नाही. १९७५ मध्ये ब्रिटनने ती पुन्हा काढली. पण तेव्हा आपल्या डॉक्टरांपुढे निदान परीक्षेचे दार होते. अमेरिकेत परदेशी डॉक्टरांना पारखण्याची व्यवस्था १९५६ पासूनच होती, ब्रिटनने पुढे ‘प्लॅब’ म्हणून ओळखली गेलेली परीक्षा १९७५ मध्ये सुरू केली. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी घरांतले डॉक्टर परदेशी गेले ते या दारांनी. त्यांच्या प्रमाणपत्रामागे इथल्या कौन्सिलची नोंद होती. तिकडच्यांनी पत्र लिहून विचारावे असा कोणीतरी इकडे होता.

तत्त्वज्ञानाच्या वर्गातून आलेला विषय

मानसशास्त्राचा प्रवास अगदी निराळा. आपल्याकडे हा विषय दवाखान्यात जन्मला नाही, तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात वाढला. कोल्हापूरकरांना याचे घरचेच उदाहरण आहे. कादंबरीकार ना. सी. फडके आमच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि त्या काळी तर्कशास्त्राबरोबर मानसशास्त्र शिकवले जाई ते तत्त्वज्ञानाच्याच छत्राखाली. रोग्याशी गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून परवान्याचाही नव्हता.

स्वतंत्र विभाग हळूहळू आले. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली, पुणे विद्यापीठात प्रा. कोठुरकरांच्या नेतृत्वाखाली १९५० मध्ये, मुंबईत उपयोजित मानसशास्त्राचा १९५९ मध्ये. आमचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. या विभागांनी उत्तम शिक्षक आणि संशोधक घडवले. परंतु रोग्यासमोर बसून, जाणत्याच्या नजरेखाली शिकण्याची सोय मुख्यतः एम.ए.च्या बाहेर राहिली. ती बंगळूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, १९५५ पासून पदविकेच्या रूपाने सुरू झाली. पुढे त्याच अभ्यासक्रमाला एम.फिल. हे नाव मिळाले. एम.ए. म्हणजे ज्ञान आणि एम.फिल. म्हणजे व्यवसाय, ही फाळणी तिथे पडली. ती विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगितली नाही.

कायदा आला तोही आडवाटेने. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. अपंगांच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंद ठेवणे हा त्याचा हेतू. त्या यादीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, होते. आरोग्य खात्याच्या नव्हे तर अपंग कल्याणाच्या दारातून भारतीय मानसशास्त्राला पहिली नोंदवही मिळाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हीच रेषा अधिक ठळक केली. त्यातल्या व्याख्येप्रमाणे पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली चिकित्सा मानसशास्त्राची पात्रता हवी, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालचे प्रशिक्षण असलेली एम.फिल. हवी.

मग उरलेल्यांचे काय? शाळेतले समुपदेशक, कारखान्यातले मानसशास्त्रज्ञ, कुटुंब सल्ला केंद्रात बसणारी एम.ए. झालेली बाई, यांची नाव-नोंद कुठेच नाही. याचा दुसरा परिणाम असा, की ‘समुपदेशक’ ही पाटी कोणालाही लावता येते. सहा आठवड्यांचा वर्ग केलेला आणि पाच वर्षे शिकलेली, दोघे एकाच रांगेत. यात नुकसान रुग्णाचे आधी, पदवीधराचे नंतर.

परदेशातली दारे

परदेशी जाणाऱ्याला वाटते, तिकडे एक सरळ नियम असेल. तसे नाही. प्रत्येक देशाचे दार त्याच्या इतिहासाने घडवले आहे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांच्या परवान्याचा पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९४५ मध्ये केला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मनाचे उपचार हा तेव्हा राष्ट्रीय प्रश्न होता. त्यासाठी मनुष्यबळ कसे तयार करावे, याचा विचार १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या परिषदेत झाला, आणि डॉक्टरेट हा चिकित्सा मानसशास्त्राचा पाया ठरला. १९७७ पर्यंत सर्व राज्यांत कायदे झाले. परवाना राज्याचा, त्यामुळे एका राज्यातला दुसऱ्यात आपोआप चालत नाही. एम.ए.वाल्यांना बहुतेक राज्यांत ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. वेस्ट व्हर्जिनिया आणि व्हरमाँट यांसारखे अपवाद थोडे. तिथल्या पदव्युत्तरांनी मग शेजारी दुसरे दार पाडून घेतले, समुपदेशकाच्या परवान्याचे. व्हर्जिनियात ते १९७६ मध्ये उघडले, कॅलिफोर्नियाने कायदा केला तो थेट २००९ मध्ये. तेहेतीस वर्षांची ही खटपट ध्यानात घेण्यासारखी आहे. परवाना तिथेही कोणी आयता दिला नाही.

ब्रिटनमध्ये १ जुलै २००९ पासून चिकित्सा, समुपदेशन, शिक्षण, गुन्हेविषयक अशा सात शाखांची नामाभिधाने कायद्याने राखीव झाली. नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द मात्र मोकळा राहिला. कॅनडात प्रांतागणिक फरक : क्विबेक २००६ पासून डॉक्टरेट मागते, अल्बर्टात पदव्युत्तर पदवीवरही मानसशास्त्रज्ञ होता येते. दुबई-अबुधाबीत आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि कागद थेट विद्यापीठाकडून पडताळले जातात.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१० पासून देशभर एकच नोंदणी आहे आणि ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नाव राखीव आहे. पूर्वी चार वर्षे शिक्षण आणि दोन वर्षे देखरेखीखाली नोकरी असा एक मार्ग होता. तो २०२२ मध्ये नव्या उमेदवारांना बंद झाला. आता निदान पाच वर्षे मान्य शिक्षण आणि एक वर्ष उमेदवारी. आपली बी.ए.ची तीन आणि एम.ए.ची दोन मिळून वर्षे पाच भरतात. पण तिकडचे लोक वर्षे मोजून थांबत नाहीत, ते त्या वर्षांत काय झाले हे विचारतात.

आणि जवळजवळ सगळीकडे शेवटी एक कागद येतो : तुमच्या देशातल्या नोंदणी संस्थेकडून ‘गुड स्टँडिंग’चा, म्हणजे या व्यक्तीविरुद्ध काही तक्रार नाही अशा दाखल्याचा. डॉक्टरला तो त्याची कौन्सिल देते. एम.ए. झालेल्या मुलीने कोणाकडे मागायचा?

नवी नोंदवही

आता चित्र बदलू लागले आहे. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना प्रथमच आरोग्य खात्याच्या यादीत घेतले. पुनर्वास परिषदेखाली येणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तेवढे वगळले. राज्य पातळीवर परिषदा आणि नोंदवह्या ही त्याची रचना. या कायद्यात ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ होण्यासाठीचे शिक्षण वर्षांबरोबर तासांतही सांगितले आहे : किमान ३,६०० तास. त्या ऑस्ट्रेलियाच्या अर्जातला ‘किती तास’ हा प्रश्न अखेर आपल्या कायद्यातही आला.

दुसरीकडे जुन्या वाटा मिटत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली आणि चिकित्सा मानसशास्त्राला केवळ २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. २०२५ मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवण्यावरही बंदी आली. नोकरी किंवा संसार सांभाळून एम.ए. करणाऱ्या गावोगावच्या बायकांचा हा मोठा आधार होता. बंदीमागचे कारण पटण्याजोगे आहे. पण कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या परिसरात देखरेखीखाली कामाच्या जागा वाढल्या नाहीत, तर दर्जाच्या नावाखाली दार फक्त मोठ्या शहरांसाठी उघडे राहील.

१९३० च्या धक्क्यानंतर डॉक्टरांनी तीन वर्षांत कौन्सिल मिळवली. मानसशास्त्राच्या वाट्याला तसा एकच मोठा धक्का कधी आलाच नाही. नकार आले ते सुटे सुटे, एकेका मुलीच्या नावाने, एकेका पाकिटातून. त्यांची बेरीज कोणी केली नाही. पदवी ही विद्यार्थ्याची कमाई असते. परवाना ही एका समाजाने दुसऱ्या समाजाला दिलेली हमी असते. हमी द्यायला आपल्याकडे कोणी नसेल, तर पहिल्या वर्गाची पदवीसुद्धा विमानतळावरच अडते.

आमच्या पेठेतल्या मुलीला मी एवढेच सांगू शकलो, की विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत घे आणि शाळेकडून दोन वर्षांच्या कामाचा तपशील लिहून घे. ती गेली. आज ती तिथल्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी आहे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. ‘‘काका, इथे पहिल्या दिवशी वही दिली,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘रोज किती तास काम केले ते लिहायचे आणि शेजारी बाईंची सही घ्यायची. एवढेच तर होते.’’

सी.पी.आर.वरून जाताना मला आता ती वही आठवते. १८८६ साली एका अनोळखी पदवीवर विश्वास टाकायला दरबाराचा एक हुकूम पुरला. आज हुकूम पुरणार नाही, पण एक वही पुरेल. ती आपल्या विद्यापीठांनी एम.ए.च्या पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात ठेवावी. त्यासाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही.