पाण्यामागून आलेले दोघे

मार्च 2020मध्ये कंपनीने लॅपटॉप घेऊन घरी जायला सांगितलं, तेव्हा मी पंधरा दिवसांचे कपडे भरले होते. परत पुण्यात खोली घेईपर्यंत दीड वर्ष गेलं. तेवढा काळ मी जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर बसून कोड लिहीत होतो.

वस्ती म्हणजे गाव नव्हे. गाव दोन किलोमीटर लांब आहे; तिथे देऊळ, शाळा, दुकानं आणि आमच्या जुन्या वाड्याच्या पडक्या भिंती आहेत. वस्ती म्हणजे शेतात बांधलेलं एकटं घर. शेजारी गोठा, पुढे विहीर आणि तिन्ही बाजूंना ऊस. बारावीनंतर मी इथे पाहुण्यासारखाच येत होतो. त्यामुळे एका जागी बसून सगळे ऋतू बघायची ही पहिलीच वेळ.

मे संपता संपता पावशा ओरडायला लागला. नांगरलेल्या रानात टिटवीने उघड्यावर अंडी घातली. पाऊस सुरू झाल्यावर विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबली. माझ्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मोर ओरडायचे आणि बेंगळुरूचा मॅनेजर विचारायचा, "तू नेमका राहतोस कुठे?" सप्टेंबरपर्यंत ऊस माझ्या डोक्याच्या वर गेला आणि ओट्यावरून दिसणारं जग पन्नास फुटांवर संपलं.

नोव्हेंबरात एका रात्री आमचा कुत्रा, काळ्या, एकदाच ओरडला. सकाळी अंगणात फरफटल्याची खूण होती आणि ती सरळ उसात जात होती. वडिलांनी ती पायाने पुसली, कारण पुतण्या उठायचा होता. तो तेव्हा तीन वर्षांचा होता.

त्या दिवशी मी आजीला सहज विचारलं, "तुझ्या लहानपणीपण वाघरू असंच यायचं का?"

आजी म्हणाली, "कशाचं वाघरू? आमाला भ्या लांडग्याचं. वाघरू डोंगरात."

इथून मी शोधायला लागलो.

पाण्याच्या आधी

आजीचं बरोबर होतं. तिच्या लहानपणी तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग म्हणजे बाजरी, मटकी, हुलगे आणि उघडे माळ. धनगरांची मेंढरं यायची, त्यांच्या मागावर लांडगे. लांडगा गवताळ माळावरचा प्राणी, त्याला लांबवर दिसलं पाहिजे. बिबट्याचं उलटं आहे. त्याला लपायला आडोसा लागतो, आणि तो आडोसा पश्चिमेला सह्याद्रीच्या जंगलात होता.

तिथेही तो सुखात होता असं नाही. इंग्रजांच्या काळात हिंस्र जनावर मारून आणणाऱ्याला सरकार रोख बक्षीस द्यायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला हिशेब असा, की 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशभरात बक्षिसासाठी 80 हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. नोंद न झालेले वेगळेच.

मग 1972 साल आलं. आमच्या घरात हे साल दुष्काळाचं म्हणूनच ओळखलं जातं. आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते, मुलांना सुकडी मिळायची. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. खडी फोडणाऱ्या माणसांना त्याची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. पण पुढच्या पन्नास वर्षांत आमचं आणि बिबट्याचं जे झालं, त्याची दोन्ही टोकं या एका सालात सापडतात: माणसाला पाण्याची गरज लागली आणि जनावराला कायद्याचं संरक्षण मिळालं.

दोघांची घरं

कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. 1970च्या दशकापासून ती एकेक करून उभी राहिली आणि कालव्याचं पाणी माळावर पोचलं. मागोमाग साखर कारखाने आले. बाजरीच्या जागी ऊस आला.

ऊस आल्यावर गावात राहणं परवडेना. बाजरीला पावसाळ्यात चार महिने शेतात गेलं तरी चालतं. उसाला वर्षभर पाणी द्यावं लागतं, मोटार बघावी लागते, दारं धरावी लागतात, म्हणजे एका सरीचं तोंड बुजवून पाणी पुढच्या सरीत सोडावं लागतं. दुभत्या गाई आल्या की पहाटे धार काढावी लागते. म्हणून आजोबांनी गावातला वाडा सोडला आणि शेतात घर बांधलं. आमच्यासारखी शेकडो कुटुंबं त्या वीस-पंचवीस वर्षांत गावातून रानात राहायला गेली.

त्याच वर्षांत बिबट्याही तिथे आला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. एकाची लागण, दुसऱ्याचा खोडवा असं चालू राहिलं की शिवारात बाराही महिने कुठे ना कुठे दाट, थंड, पाण्याजवळची जागा शिल्लक असते. खायला वस्तीवरची कुत्री, मांजरं, शेळ्या. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास केला, तेव्हा दर 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे सापडले, तेही भरवस्तीच्या शेतजमिनीत. त्यांच्या खाण्यात 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के.

आपण बातमीत वाचतो, 'बिबट्या मानवी वस्तीत शिरला.' शहरातल्या मित्रांना हे वाक्य अगदी बरोबर वाटतं. त्यातले काही जण पुढे म्हणतात, "तुम्हीच त्यांच्या जंगलात घुसलात." आमच्या शिवारापुरती ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. इथे जंगल नव्हतं, माळ होता. पाणी आलं आणि त्यामागून आम्ही दोघंही आलो. आमच्या घराचं आणि बिबट्याच्या घराचं वय सारखंच आहे. त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. त्याला 'परत जंगलात सोडा' म्हणणं म्हणजे माझ्या पुतण्याला परत बाजरीच्या काळात सोडा म्हणण्यासारखं आहे.

हलवाहलव

हे मी ऐकीव सांगत नाही, करून बघितलेलं आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वन विभागात शेतातले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडले गेले आणि त्यातले 29 आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले. हेतू चांगला होता. नंतर अत्रेय यांच्या गटाने आकडे तपासले, तर माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते, ते या काळात 17 झाले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. पिंजऱ्यात बिथरलेलं, अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर जास्त धोक्याचं ठरलं. आमच्या क्षेत्रात याला म्हणतात, बग दुरुस्त न करता दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ढकलणे.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतो. आजोबा काठी घेऊन शाळेपर्यंत सोडायचे, एवढंच आठवतं. मला वाटायचं, माझे फार लाड आहेत.

'आजोबा' नावाचा बिबट्या आणि त्याच्यावरचा 2014चा सिनेमा तुम्हाला माहीत असेल. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला तो बिबट्या 2009मध्ये गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. तो तिथे थांबला नाही, शंभराहून जास्त किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही.

तोडणी

जानेवारी 2021मध्ये आमचा ऊस तोडायला बीडची टोळी आली. तिसऱ्या दिवशी पाचटात तीन पिल्लं सापडली. मांजराएवढीसुद्धा नव्हती. कोयते थांबले. वन खात्याची माणसं आली, पिल्लं तपासली आणि अंधार पडायच्या आत प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली. आई नेईल, म्हणाले. पिल्लं उचलून नेली तर ती बिथरते आणि मग कुणाचीच धडगत नसते.

त्या रात्री वस्तीवर कुणी झोपलं नाही. पण खरी रात्र टोळीतल्या लोकांची होती. आम्ही निदान विटांच्या घरात होतो. ती माणसं शंभर पावलांवर पाचटाच्या कोपीत, लेकरं कुशीत घेऊन बसली होती. वडिलांनी त्यांना गोठ्यात बोलावलं आणि पहाटेपर्यंत शेकोटी पेटती ठेवली. सकाळी क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात दिसलं की ती तीनदा आली होती आणि दर वेळी एक पिल्लू तोंडात धरून गेली. माझी वहिनी तो व्हिडिओ बघून काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "नेलीत कुठं पण? तोड तर सगळीकडंच चालूय."

भावाचं म्हणणं

2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात मुलंही होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. असा पट्टा आमच्याकडे पूर्वी मेंढरांमागच्या कुत्र्याला घालायचे.

माझा भाऊ त्या रस्त्यावर बसला होता. मी फोनवर त्याला 29 बिबट्यांचा हिशेब सांगितला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुझं वाचलेलं खरं असंल. पण ह्या आठवड्यात लाईट रात्रीची हाय. दारं धरायला येतो का?"

मी शनिवारी गेलो. रात्री बारा ते तीन, कपाळाला बॅटरी, पाण्यात पाय, दोन्ही हातांत फावडं. वाकलेला माणूस उसातून चार पायांवरच्या जनावरासारखा दिसतो, हे मला वाचून माहीत होतं. त्या रात्री सरीत वाकताना ते पाठीला कळलं. पिंजरे, नेमबाज, नसबंदी यांवर टीव्हीवर चर्चा चालू होती. मला मात्र वाटत होतं, शेतीची वीज दिवसा मिळाली तर माझे वडील आज या जागी नसते.

आम्ही वस्ती सोडणार का, यावर घरात महिनाभर बोलणं झालं. वाडा पडलाय, गाई गावात कुठे बांधायच्या? राहायचं ठरलं. दोन एकरांवर ठिबक केलं, त्याचा हप्ता मी भरतो. तिथे आता दारं धरायला कुणी जात नाही. मोटार वडील घरातून मोबाईलवर चालू-बंद करतात. आणि घराला लागून असलेल्या वीस गुंठ्यांत खोडवा न ठेवता कांदा लावला. उसाएवढा भरवशाचा पैसा त्यात नाही, भाव पडला तर काढणीचा खर्चही निघत नाही. पण घर आणि ऊस यांच्यामध्ये उघडं रान राहतं.

ऊस निघाला त्या संध्याकाळी आजी ओट्यावर बसली होती. पुतण्या समोरच्या मोकळ्या सऱ्यांमधून पळत होता, आणि वहिनी त्याला दिवेलागणीच्या आत आत बोलावत होती. आजीने डोळ्यांवर हात धरून लांब बघितलं. "देवळाचा कळस दिसायला लागला की रं," ती म्हणाली. "आपण इथं राहायला आलो तवा असाच दिसायचा."