जुन्या डेस्कटॉपमधली एसएसडी

जुन्या डेस्कटॉपमधली हार्डडिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी बसवण्याची पद्धत 2010 नंतरच्या दशकात घरांत आणि कचेऱ्यांत रुळली. प्रोसेसर तोच, मदरबोर्ड तोच, बदलतो तो फक्त माहिती साठवणारा भाग; तरीही विंडोज सुरू व्हायला लागणारी मिनिटे सेकंदांवर येतात. असे का होते, हे समजण्यासाठी हार्डडिस्कच्या वाढीतली एक मोठी विसंगती पाहावी लागते.

1956 मध्ये आयबीएमने रॅमॅक हा संगणक जाहीर केला. त्याची डिस्क कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवली होती. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या मिनिटाला 1,200 फेरे घेत आणि त्यांवर 50 लाख अक्षरे मावत. आजच्या मापाने पावणेचार मेगाबाइटच्या आसपास. हवी ती नोंद सापडायला सरासरी 600 मिलिसेकंद लागत. त्याआधी पंच कार्डांचा गठ्ठा किंवा चुंबकीय फीत क्रमाने चाळावी लागे. मधली कोणतीही नोंद थेट उचलता येणे ही त्या काळी क्रांतीच होती. पुढे आकार झपाट्याने लहान होत गेला. 1980 मध्ये सीगेटची 5 मेगाबाइटची सव्वापाच इंची डिस्क आली, 1983 च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये 10 मेगाबाइटची डिस्क होती आणि 2007 मध्ये हिताचीने घरगुती संगणकासाठी एक टेराबाइटची डिस्क विक्रीला आणली.

म्हणजे पन्नास वर्षांत क्षमता अडीच लाखपटींहून अधिक वाढली. नोंद सापडण्याचा वेळ मात्र पन्नासपटही घटला नाही. त्याला कारण यंत्ररचनेत आहे. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा वाचन करणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद थांबावेच लागते. हेड योग्य वर्तुळावर नेणाऱ्या दांडीचे आठ-नऊ मिलिसेकंद त्यात मिळवले, की विखुरलेल्या लहान नोंदी सेकंदाला पाऊणशे-ऐंशीच वाचून होतात. संगणक सुरू होताना नेमके असेच वाचन हजारोंनी होते. शेजारी प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी आवर्तने करत असतो आणि त्यातला बराच वेळ डिस्कची वाट पाहण्यात जातो. ‘कॉम्प्युटर म्हातारा झाला’ ही तक्रार म्हणूनच बहुतेक वेळा अन्यायाची असे. दमलेली असे ती दांडी.

हलते भाग नसलेली साठवण नवी नव्हती. स्टोरेजटेकने 1978 मध्ये मोठ्या संगणकांसाठी 45 मेगाबाइटचे असे साधन विकले होते. मात्र ते अतिशय महाग होते. खरा मार्ग उघडला तो जपानमध्ये. तोशिबातले अभियंते फुजियो मासुओका यांनी 1984 मध्ये फ्लॅश मेमरी आणि 1987 मध्ये तिचाच नॅन्ड हा प्रकार जगापुढे मांडला. यात विद्युतभार एका विलग थरात अडकून राहतो आणि वीज गेली तरी माहिती टिकते. 1991 मध्ये अमेरिकेतल्या सनडिस्कने, म्हणजे पुढच्या सॅनडिस्कने, आयबीएमसाठी 20 मेगाबाइटची फ्लॅशवर चालणारी एसएसडी बनवली. सॅनडिस्कच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा मूळचे कानपूरचे.

सामान्य ग्राहकापर्यंत एसएसडी पोहोचायला आणखी पंधरा-सोळा वर्षे गेली. इंटेलने 2008 मध्ये आणलेली 80 गिगाबाइटची एक्स25-एम ठोक खरेदीतही 595 डॉलरला पडत होती, पण तिने वेगाचा नवा मापदंड घालून दिला. लिहिण्याची अडचण त्या काळात सर्वत्र होती. नॅन्डमध्ये भरलेल्या जागेवर थेट नवे लिहिता येत नाही. एक ओळ बदलायची तर अख्खी पाटी पुसावी, तसा आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. कोणत्या फाइल खोडल्या गेल्या हे ड्राइव्हला कळतही नसे, म्हणून वापरागणिक तो मंदावत जाई. 2009 च्या विंडोज 7 मध्ये ‘ट्रिम’ ही आज्ञा आली आणि मोकळ्या झालेल्या जागांची माहिती ड्राइव्हला मिळू लागली. जुन्या संगणकांसाठी हा बदल फार मोलाचा ठरला.

तितकेच मोल डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या साटा जोडणीचे आहे, आणि तिला तिचे श्रेय क्वचितच मिळते. 2003 पासून डेस्कटॉपमध्ये आलेल्या या जोडणीचा वेग पुढे दोनदा दुप्पट झाला, पण तिचे टोक बदलले नाही. त्यामुळे पाच-सात वर्षे जुन्या मदरबोर्डावर नवी एसएसडी विनातक्रार चालली. साटाच्या दुसऱ्या पिढीचा बोर्ड सेकंदाला 300 मेगाबाइटच्या आतच अडकतो, तरी विखुरलेल्या वाचनातला फायदा जवळजवळ पूर्ण मिळतो, कारण तिथे एसएसडीला साधारण दशांश मिलिसेकंद पुरतो.

भारतात या बदलाला तयार जमीन मिळाली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस या बाजारांत प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट असे सुटे भाग घेऊन संगणक ‘असेंबल’ करून घेण्याची रीत आधीपासूनच होती. एक भाग काढून दुसरा बसवणे तिथे रोजचेच काम. एसएसडीचे भाव मात्र उतरायला हवे होते. 2011 च्या थायलंडमधल्या महापुरात हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, डिस्क महागल्या आणि दोन्ही साधनांमधली दरी थोडी आखडली. 2013 मध्ये सॅमसंगने मेमरीच्या पेशींचे 24 थर एकावर एक रचलेली चिप उत्पादनात आणली. अशा थरांच्या वाढीने पुढच्या वर्षांत किमती पुष्कळ खाली आल्या.

प्रत्यक्ष कामाची रीतही या काळात ठरून गेली. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खाचेत बसवायला लहानसा ब्रॅकेट लागतो. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची, की विंडोज नव्याने टाकायचे, हा पहिला निर्णय. एक्सपीच्या काळातल्या डिस्कची विभागणी 63 व्या सेक्टरपासून सुरू होते आणि फ्लॅशच्या रचनेशी जुळत नाही, त्यामुळे अशा संगणकावर नवी मांडणीच बरी. बायोसमध्ये डिस्क जोडणीसाठी ‘आयडीई’ऐवजी ‘एएचसीआय’ ही पद्धत निवडणे विंडोज टाकण्यापूर्वीच करावे. नंतर बदलल्यास संगणक सुरूच न होण्याचा संभव असतो. जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर दुसऱ्या खाचेत फोटो आणि चित्रपटांसाठी ठेवली जाते.

पुढे एसएसडीसाठी साटापेक्षा वेगवान एनव्हीएमई प्रणाली आणि थेट बोर्डावर बसणारी एम.2 पट्टी आली. जुन्या बोर्डावर बहुधा त्यासाठी जागा नसते, म्हणून तिथे साटाचीच एसएसडी चालते. जुन्या प्रोसेसरला ताज्या पिढीचे बळ मात्र त्यातून मिळत नाही. विंडोज 10 ची सर्वसाधारण सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. ही अट एसएसडी बसवून पूर्ण होत नाही. असे संगणक लिनक्सवर मात्र अजून वेगाने चालवता येतात.