गुडमार : जिभेवरील साखर आणि रक्तातील साखर

मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात माणसे दोन घटका रेंगाळतात. अशा गप्पांत मधुमेहाचा विषय निघाला की कोणीतरी चारदोन हिरवी पाने पुढे करून म्हणतो, "ही चावा आणि मग साखर खाऊन बघा." पाने कडवट लागतात, आणि त्यावर तोंडात टाकलेली साखर वाळूसारखी बेचव लागते. पाहणारे थक्क होतात. जी वनस्पती जिभेवरचा गोडवा मारते, ती रक्तातील साखरही मारणारच, असा निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो.

ही वनस्पती म्हणजे गुडमार. संस्कृतात तिला मधुनाशिनी म्हणतात. मराठीत कावळी, बेडकीचा पाला अशी तिची नावे आहेत. रुईच्या कुळातील ही वेल पश्चिम घाटाच्या रानांत झाडाझुडपांवर चढते. समोरासमोर येणारी लवदार पाने, बारीक पिवळी फुले आणि मेंढ्याच्या शिंगासारखे टोकदार फळ ही तिची ओळख. या फळावरूनच जुन्या ग्रंथांतील मेषशृंगी ती हीच, असे अनेक वैद्य मानतात. श्रीलंकेत तिच्या पाल्याची तांदळाबरोबर पेज करून पितात.

पाश्चात्त्य विद्वानांचे लक्ष तिच्याकडे गेले ते मधुमेहामुळे नव्हे, तर जिभेवरील या चमत्कारामुळे. एजवर्थ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला आलेला हा अनुभव १८४७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८८७ मध्ये निलगिरीतील उटकमंड येथे काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने पानांतून एक आम्ल वेगळे केले व त्याला जिम्नेमिक आम्ल हे नाव दिले. जिभेवर गोडीची जाणीव करून देणारी जी केंद्रे आहेत, त्यांनाच हे द्रव्य काही काळ अडवून धरते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे साखर जिथली तिथेच असते. फक्त जीभ तिला ओळखत नाही.

मग रक्ताचे काय? हा प्रश्न नेटाने विचारणाऱ्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, तरी ते औषध महाग आणि दुर्मीळ होते. त्यामुळे देशी वनस्पतींकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वळले. १९२६ मध्ये डॉ. के. जी. घारपुरे यांनी गुडमारच्या उपयोगाविषयी लिहिले. १९२८ मध्ये कलकत्त्याचे रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांना मात्र आशादायक असे काही आढळले नाही. अशा वेळी मुंबईच्या हाफकिन संस्थेत फादर जे. एफ. कायस आणि डॉ. कृ. श्री. म्हसकर यांनी ही वेल पुन्हा तपासावयास घेतली. त्यांचा प्रबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. पानांमुळे प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते. परंतु पाने साखरेवर थेट काम करीत नाहीत, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास चेतवीत असावीत, असे त्यांचे मत पडले.

या मताचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. चेतवावयाचे तर आत काहीतरी शिल्लक हवे. ज्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन निर्माण होतच नाही, त्याला कोणताही पाला इन्सुलिनची जागा भरून देऊ शकत नाही.

हेच फादर कायस पुढे कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचे एक संपादक झाले. त्यांच्या जोडीला डॉ. म्हसकर होते आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर ब्लाटरही होते. मुंबईच्या डॉ. कान्होबा कीर्तिकरांनी आयुष्यभर जमविलेले हे ज्ञान त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये, प्रथम छापले गेले होते. परदेशांतून आलेल्या या धर्मगुरूंनी गावच्या वैद्याचे ज्ञान अडाणी म्हणून झिडकारले नाही. तसेच ते डोळे मिटून स्वीकारलेही नाही.

पुढे १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी बावीस रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर गुडमारचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम याप्रमाणे दीड वर्षाहून अधिक काळ दिला. त्यांची साखर उतरली व पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. निष्कर्ष उत्साहवर्धक खरा. पण रुग्ण मोजके, आणि त्या गोळ्या वैद्यकीय देखरेखीखाली थांबविल्या होत्या.

हे लिहिण्यास एक कारण आहे. आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी या पानांवर विसंबून गोळ्या सोडल्या. तोंडाला साखर गोड लागेना, म्हणून ते निर्धास्त राहिले. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. दोष वेलीचा नव्हता. जिभेची साक्ष त्यांनी रक्ताची साक्ष मानली होती.

परसातील वेल अवश्य जपावी. पाने खावयाची असतील, तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण गोळ्यांच्या जोडीने साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. आणि रक्ताची तपासणी चुकवू नये. फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी तरी दुसरे काय केले? त्यांनी पानाला मान दिला आणि निर्णय मात्र रक्ताला विचारून घेतला.